एडका आमचा, लग्नं गावाची

आमच्या घरात एक जुनी कट्यार आहे. तिची मूठ हिरव्या दगडाची आणि मुठीच्या टोकाला एडक्याचं डोकं कोरलेलं. शिंगं मागे वळलेली, कान शिंगांना चिकटलेले आणि चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी पुढ्यातला चारा उचलून नेलाय. एका डोळ्यात लाल खडा आहे, दुसऱ्यात नुसतं भोक. तो दुसरा खडा कुणाच्या लग्नात पडला यावर गावात दोन तट आहेत आणि दोन्ही तट आजही दोष एकमेकांवर ढकलतात. तिला कट्यार असं कुणी म्हणतच नाही. दारात येऊन विचारतात, "एडका मोकळा हाय का?"

विचारतात ते लग्नासाठी. आमच्याकडे नवरदेवाच्या अंगाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात आणि टोकाला लिंबू खोचतात, नजर लागू नये म्हणून. तिथून पुढे नवरी घरात येईपर्यंत कट्यार खाली ठेवायची नाही. जेवताना डाव्या हातात, फोटोत उजव्या हातात, आणि जिथं दोन्ही हात लागतात तिथं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. हल्ली फेटेवाल्याकडे भाड्याच्या कट्यारीही मिळतात, प्लॅस्टिकचे माणिक लावलेल्या. पण शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अजूनही लग्न ठरलं की आधी मंगल कार्यालय बघतात, मग आचारी, आणि मग आमच्या घरी येतात.

एडका आमच्याकडे आला कुठून, ते कुणालाच ठाऊक नाही. वडील होते तेव्हा ते दर वेळी नवी गोष्ट सांगायचे. कधी कुठल्याशा सरदारानं खूश होऊन आमच्या पूर्वजाला दिलेला, कधी नांगराच्या फाळाला लागलेला, आणि पाहुणे जरा शिकलेले असले तर थेट निजामशाहीतला. नगर जिल्ह्यात कुठलीही जुनी वस्तू निजामशाहीतलीच असते. आमच्या शेजारणीचा पाटासुद्धा निजामशाहीतला आहे, आणि तो मी आणि तिनं मिळून शेवगावच्या बाजारातून आणलेला मला चांगला आठवतो.

एडका राहतो बाजरीच्या कोठीत. चोराला सुगावा लागू नये म्हणून वडिलांनी ही जागा शोधली, आणि मग ज्याला त्याला मोठ्या अभिमानानं सांगितली. त्याला हात लावला की भर मे महिन्यातही तो दगड गार लागतो आणि बोटांना बाजरीचा वास राहतो. लहानपणी ताप आला की मी तो गालाला लावून झोपायची. आई पात्याला घट्ट फडकं गुंडाळून द्यायची. आता कुणी आपल्या लेकराच्या उशाशी असलं काही ठेवेल का? आमच्या घरात त्याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं.

कट्यार द्यायचे काही नियम आहेत आणि ते वडिलांच्याही आधीपासूनचे. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. त्याच्याकडून नारळापलीकडे काही घ्यायचं नाही. ज्याला हवी त्यानं एक हळकुंड आणून द्यायचं, ते कोठीत कट्यारीशेजारी राहतं. एकदा हळकुंड घेतलं की तो दिवस त्याचा, मग आभाळ कोसळलं तरी. आणि कट्यार एकटी जात नाही, तिच्याबरोबर घरचा पुरुष जातो.

हा घरचा पुरुष म्हणजे आधी वडील होते. ते गेल्यावर आमचा धाकटा. माझा भाऊ, माझ्याहून बराच लहान. नीट मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हापासून तो एडक्यामागे लग्नं करत फिरतोय. आदल्या दिवशी हळदीला जायचं, नवरदेवाला कट्यार धरायला शिकवायचं, लिंबू स्वतः निवडायचं. "जाड सालीचं आना. पातळ सालीचं फुटतंय, मंग समदा रस शेरवानीवर." मग लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या डाव्या खांद्यामागे उभं राहायचं. मंगलाष्टकं लांबली, म्हणजे नवरीकडच्या कुणी आत्यानं स्वतः रचलेली तीनचार कडवी मध्येच काढली, की नवरदेवाचा हात भरून येतो. अशा वेळी धाकटा हळूच त्याच्या कोपराखाली आपला तळवा धरतो. समोरच्याला काही कळत नाही. नवरदेव मात्र जन्मभर लक्षात ठेवतो.

आमच्या भागात कुणाच्याही घरी जा, चहाबरोबर लग्नाचा अल्बम पुढ्यात येतो. आणि प्रत्येक अल्बममध्ये नवरदेवाच्या मागे आमचा धाकटा असतो. अर्धा चेहरा, एक कान, मिशीचं एक टोक. जुन्या अल्बमांत डोक्यावर हे एवढं केसांचं टोपलं. मग कपाळ मोठं होत गेलेलं. मग चष्मा. एकाच माणसाचं वय असं दुसऱ्यांच्या लग्नांतून बघायची वेळ माझ्यावर आली, आणि खरं सांगते, पुढे पुढे मला ते अल्बम बघवेनात.

कारण त्याचं लग्न काही होत नव्हतं. तो सदतीस वर्षांचा झाला. चार एकर पाण्याखालची जमीन, तीन गायी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण "मुलगा काय करतो?" "शेती." इथं समोरची मंडळी कपातला उरलेला चहा एका घोटात संपवून उठायची. एका मुलीच्या आईनं विचारलं, पुण्यात फ्लॅट आहे का? आमची आई म्हणाली, "गोठा हाय की. पत्र्याचा न्हाई, चांगला स्लॅबचा." मी टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला, पण व्हायचं ते झालं होतं.

धाकटा या सगळ्यावर हसायचा. आईला हसता यायचं नाही. एडका कुणाच्या लग्नातून परत आला की ती मुठीवरची हळद ओल्या फडक्यानं पुसायची आणि त्याच्याशी बोलायची. "समद्यांची लगनं लावतूस. माझ्या पोराच्या हातात कवा जायचास रं?" एडका एका डोळ्यानं बघत राहायचा. आईला आयुष्यात दुसरं काही नको होतं. तीर्थयात्रा नको, सोन्याच्या पाटल्या नकोत. त्या पोराच्या अंगाला हळद लागलेली आणि हातात हा एडका, एवढं तिला बघायचं होतं.

मधल्या काळात माझ्या नवऱ्याच्या ओळखीतले जुन्या शस्त्रांचे एक अभ्यासक पुण्याहून मुद्दाम आले. हातात पांढरे मोजे घालून त्यांनी एडका उचलला आणि खिडकीपाशी नेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, हा दगड इकडचा नाही, याला जेड म्हणतात, हे मुघल धाटणीचं काम आहे, शिंगांवर सोन्याची तार होती ती बघा इथं उरलीय. त्यांचे डोळे भरून आले होते. आम्हीही भारावून गेलो. मग त्यांनी पात्याच्या टोकावरचे काळे डाग बघितले आणि हे कशानं झालं म्हणून विचारलं. धाकट्यानं खरं ते सांगितलं. लिंबानं. गृहस्थांनी एडका पटकन आपल्याकडे ओढून घेतला. हे काचेच्या कपाटात हवं, म्हणाले, संग्रहालयात. आई चहाचा कप पुढे करत म्हणाली, "काचंत ठिवल्यावर लगनं कशी लागायची?" बिचारे चांगले होते. जाताना पात्याला कुठलं तेल लावायचं, लिंबू काढल्यावर टोक कसं पुसायचं, ते नीट समजावून गेले. तेव्हापासून धाकटा लग्नाला जाताना खिशात तेलाची बाटली आणि मलमलचं फडकं ठेवतो.

आता त्याची नवरी कशी भेटली ते सांगते. मी नगरला राहते. जिल्ह्याचं नाव बदललं, पण आमच्या एसटीचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो, तर मीही तेच म्हणते. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी कामाला आहे. तिथंच तपासणी विभागात एक मुलगी होती. तेहतीस वर्षांची, पाथर्डीकडची, आईवडील ऊसतोडीला जाणारे. आयटीआय करून इथवर आलेली. दिवसभर मायक्रोमीटरनं लोखंडाचे तुकडे मोजायची आणि केसाएवढा फरक असला तरी बाजूला टाकायची. स्थळांचंही तसंच करते, असं कॅन्टीनमध्ये सगळ्या म्हणायच्या.

एक दिवस आमच्या भागात दिलेल्या कुणा मैत्रिणीच्या लग्नाचा अल्बम डब्याच्या वेळी फिरत होता. सगळ्या साड्या बघत होत्या, ही एका फोटोवर थांबली. "हा मागे कोण आहे?"

मी बघितलं तर आमचाच. अर्धा चेहरा, एक कान.

"तो होय? तो कट्यारीबरोबर आलेला," मी म्हणाले. भाऊ आहे म्हणून लगेच सांगितलं नाही, कारण मला कुतूहल होतं.

"याचा हात बघा ना मॅडम," ती म्हणाली. "नवरदेवाच्या कोपराला आधार दिलाय. कुणाला दिसू नये असा." आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ती तो फोटो बघत राहिली.

वर्षानुवर्षं आम्ही त्या पोराचे स्टुडिओतले फोटो वाटत फिरलो होतो. कोट घातलेला, मागे नकली धबधबा. आणि हिला तो मागच्या रांगेत सापडला. मी माझा डबा बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

पुढचं पटापट झालं. ती नोकरी सोडणार नव्हती आणि हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. धाकटा म्हणाला, "तुमाला नोकरी सोडवत न्हाई, मला गाया सोडवत न्हाईत. दोघांचं एकच दुखनं." तिची नगरची खोली राहील, सुट्टीला ती गावाला येईल, मधल्या वारी तो जाऊन येईल, असं त्या दोघांनी माझ्यासमोर, आईला न विचारता ठरवून टाकलं. आईला विचारलं असतं तर तिनं चंद्रावर राहायलाही होकार दिला असता. मे महिन्यातला एक रविवार धरला. आईनं त्याच दिवशी एडका कोठीतून काढला, उन्हात बसून त्याच्या कानाकोपऱ्यातली बाजरी काडीनं कोरून काढली आणि शेजारपाजाऱ्यांना दाखवत सुटली, जसा काही नवीनच घेतलाय.

लग्न महिन्यावर आलं तेव्हा मी बस्त्यासाठी गावाला गेले. सकाळी आई कपडे धूत होती, आणि एकदम ओरडली. धाकट्याच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा लालभडक झाला होता. आम्हाला वाटलं रक्त. मी शर्ट उचलून खिशात बोटं घातली, तर आत भिजलेलं हळकुंड. हळदीला साबण लागला की ती लाल होते, ते आम्हाला त्या घबराटीत सुचलंच नाही.

"हे कुनाचं रं?" आईनं गोठ्याकडे तोंड करून विचारलं.

धाकटा दुधाचा कॅन घेऊन बाहेर आला. मागच्या आठवड्यात कुणी आलं होतं, पाथर्डी रस्त्याच्या पुढच्या गावचं. त्यांचा मुलगा सैन्यात आहे, लग्नापुरती रजा मिळालीय. हळकुंड कोठीत टाकायचं राहून गेलं, म्हणाला.

"तारीख कोणती सांगितली त्यांनी?" मी विचारलं.

"तीच की. आपली..." आणि कॅन धरून तो तसाच उभा राहिला.

"अरे, त्या दिवशी तुझं लग्न आहे!"

"मी धार काढत हुतो आक्का. ते म्हनले, अमुक रविवारी पोराचं लगीन हाय, तू यशील न्हवं? मी म्हनलं, येतो की. मी कवा न्हाई म्हनलोय?"

"पण तारीख तरी कळली ना तुला?"

"कळली की. त्या दिशी लगीन हाय हे बी ध्यानात हुतं." तो कसनुसा हसला. "फकस्त त्यात नवरदेव मीच हाय, ते ध्यानात आलं न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. मग मला राग आला. माझा राग घरात प्रसिद्ध आहे. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी भांडायचा हक्क जास्त असतो, आणि तो मी पुरेपूर वापरला. म्हणाले, आत्ता फोन कर आणि सांग चुकून घेतलं म्हणून. आणि आई, जी सगळं आयुष्य नियम सांगत आली, तीसुद्धा चक्क म्हणाली, "व्हय, दे परत. एकदा न्हाई म्हन. देव काय आपल्याला खानार न्हाई."

धाकटा बसला. म्हणाला, "त्यो पोरगा सीमेवर हाय, रजा बदलत न्हाई त्याची. त्याला काय सांगू? माझं लगीन हाय म्हनून तुला देत न्हाई?" आई म्हणाली, मग तू भाड्याची कट्यार धरणार? माझ्या पोराच्या हातात प्लॅस्टिकचं माणिक? आणि ती उठून आत गेली. ती रडत होती. तिचं रडणं ऐकून मला त्या सैनिकाचा, हळकुंडाचा आणि धाकट्याच्या भलेपणाचाही संताप आला. चांगुलपणाला काही सीमा असते की नाही? ज्याच्यासाठी आम्ही इतकी वर्षं डोळे लावून बसलो, तो स्वतःच्या लग्नातही दुसऱ्याच्या मागे उभा राहायला निघाला होता!

मी त्या सैनिकाच्या वडिलांना फोन लावला. तोंडात काय काय भरून ठेवलं होतं. मी कोण ते सांगितलं मात्र, म्हाताऱ्यानं बोलायला सुरुवात केली. "ताई, बरं झालं तुमचा फोन आला. माझं लगीन तुमच्याच एडक्यावर झालंय बरं का. तुमचं वडील आल्ते माझ्यामागं. माझा हात थरथरत हुता, त्यांनी धरला. पोरगं चार दिस आधी घरी यतंय. त्याला म्हनलं, समदं कमीजास्त हुईल, पन एडका तेवढा ठरलाय बघ." मी ऐकत होते. वडील कुणाच्या कोपराखाली हात धरून उभे आहेत, हे मी कधी डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. धाकट्यानं ते कुणाकडून उचललं, हेही नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "काळजी करू नका. एडका वेळेवर येईल, मी स्वतः बघते." भांडायला केलेला फोन, आणि जाताजाता मीच हळकुंड पक्कं करून बसले.

एडक्याबरोबर घरचा पुरुष कोण जाणार, हा प्रश्न उरलाच होता. जावई घरचा की पाहुणा यावर आई दोन दिवस विचार करत होती. माझा नवरा एका पायावर तयार होता, कारण आमच्या घरच्या लग्नात त्याच्यावर भांड्यांची मोजदाद आणि रुसलेल्या काकांची समजूत, अशी दोन्ही कामं येणार होती. त्याला तेलाची बाटली आणि फडकं देऊन धाकट्यानं सगळं शिकवलं. स्वतःचं लग्न सोडून दुसऱ्याच्या लग्नाच्या तयारीत असा गुंतलेला नवरदेव मी दुसरा बघितला नाही: "दाजी, लिंबू जाड सालीचं."

आणि धाकट्यानं हातात काय धरायचं? ते नवरीनंच सोडवलं. त्यानं तिला फोनवर सगळं खरं सांगितलं होतं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, आमच्या वडिलांचा कोयता चालेल का?

हे आमच्याकडे सगळ्यांच्या कानावर गेलं. मग एक भाचा म्हणाला, "मामा, कोयता गँग!" आणि पोरं खिदळली. मोठी माणसं हसली नाहीत. आमच्यात जमिनीचा तोरा असतो, चारच एकर असली तरी. ज्यांच्या घरचा कोयता दरवर्षी कारखान्याच्या फडात जातो, त्यांची मुलगी केली हेच काहींना पचलेलं नव्हतं, त्यात लग्नात कोयता. एक चुलते म्हणाले, "नवरदेव हाय का ऊस तोडायला निघालाय?" मला वाटलं आई आता काहीतरी बोलेल. पण ती खाली मान घालून अक्षतांचे तांदूळ निवडत राहिली, आणि तिनं असं केलं की मला जास्त भीती वाटते. एडका नाही तो नाहीच, वर पाहुण्यांत शोभा.

हळदीच्या दिवशी नवरीचे वडील आले. उंच, वाळलेला माणूस, गुडघे धरून चालणारा. खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी कोयता आणला होता. मांडवात सरळ आईसमोर आले, टॉवेल उलगडला आणि दोन्ही हातांनी पुढे धरला. "विहीनबाई, पाजळून न्हाई आनला. पातं बोथट केलंय, पाव्हन्याला लागाया नगं. आता मी फडात जात न्हाई. पोर म्हनली, न्या. तुमाला नगं वाटत आसंल तर तसं सांगा, मला राग न्हाई."

मांडवातले सगळे आईकडे बघत होते. आईनं कोयता घेतला. त्याची लाकडी मूठ काळीभोर, तुकतुकीत झालेली, आणि अंगठा यायचा तिथं चक्क खळगा पडलेला. आईनं त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून बघितला. तो आत मावला आणि वर जागा उरली.

"लई गुळगुळीत हाय," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस, करंडा आन."

तिनं मुठीला हळदकुंकू लावलं, जसं दर वेळी एडक्याला लावते. लिंबू तिनं स्वतः खोचलं. धाकट्याच्या हातात कोयता दिला, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग तिला रडू आवरेना. त्या रडण्यात एडक्याचं दुःखही असेल, मी नाही म्हणत नाही. पण पोराच्या अंगाला हळद लागली होती. ती त्याच्याकडे बघून रडत होती आणि हसत होती, आणि तो चुलता गुपचूप आचाऱ्याकडे काहीतरी बघायला निघून गेला.

लग्नाच्या दिवशी आणखी एक पेच निघाला. दर नवरदेवाच्या मागे धाकटा उभा राहतो. धाकट्याच्या मागे कोण? घरचा पुरुष तर एडक्याबरोबर गेलेला. कुणी काही म्हणायच्या आत मी पदर खोचला आणि जाऊन उभी राहिले. भटजींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मंगलाष्टकं सुरू केली.

कोयता कट्यारीपेक्षा चांगलाच जड असतो. धाकट्यानं दुसऱ्यांचे एवढे हात सावरले होते, पण त्याला स्वतःला काही धरायची सवय नव्हती. अंतरपाटामागे तो ताठ उभा होता आणि लिंबू थरथरत होतं. मी दोनदा कोपराखाली हात धरला. एकदा त्यानं मागे न बघता हळूच विचारलं, "आक्का, दाजींचा फोन आल्ता का? लिंबू नीट बसलं न्हवं?" मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. अक्षता पडल्या.

एडका संध्याकाळी परत आला. नवरा दमून गेला होता. म्हणाला, तो सैनिक बंदूक घेऊन बर्फात उभा राहतो म्हणे, पण कट्यार धरून मंडपात उभा राहिला तर घामाघूम. जेवताना नवऱ्यानं तिकडे बोलता बोलता खरं सांगून टाकलं होतं, की आज या एडक्याच्या घरीच लग्न आहे. ते ऐकून सैनिकाच्या वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. बुंदीच्या लाडवांचा हा मोठा डबा त्यांनी पाठवला होता, आणि निरोप: नव्या जोडप्याला घेऊन आम्ही पाया पडायला येतो. आईनं एडका पुसला. त्याला काही बोलली नाही, फक्त लाल खड्यावरची हळद जरा जास्त वेळ पुसत बसली. मग कोठीत बाजरीत त्याला नेहमीसारखा ठेवून दिला. कोयता नवरीचे वडील घरी घेऊन गेले, कारण तो त्यांचा होता.

अल्बम परवा आला. आईनं तो आल्यागेल्यासमोर इतका उघडलाय की एवढ्यातच त्याची पानं सुटायला लागलीत. मी मात्र त्यातला एकच फोटो बघत बसते. लग्न लागून गेलंय, आहेर देणाऱ्यांची रांग संपत नाहीये आणि ती दोघं स्टेजवर कधीची उभी आहेत. धाकट्याचा हात भरून आलाय, कोयता खाली झुकलाय. ते बघून मी मागून हात पुढे केला होता, मला चांगलं आठवतं. पण तोवर तिनं समोर बघतच, कुणाला दिसू नये असा, आपला तळवा त्याच्या कोपराखाली सरकवला होता. फोटोत ती दोघं पुढे आहेत. त्यांच्या मागे माझा अर्धा चेहरा, एक कान आणि मध्येच थांबलेला माझा रिकामा हात.